लाल लोकरीचं रोप

बुटांचा खोका, भोकांवर काळा कागद चिकटवलेला.

खाली बंदरात समुद्रसिंह भुंकतायत.

खिळ्याला लहान मुलीचं हेल्मेट, आतून मऊ.

लोकरीचे दोन तुकडे. लाल, निळा.

वालपाराइसो या बंदराच्या शहरात, टेकडीवरच्या पत्र्याच्या घरात हे सगळं यास्नाचं होतं. तिची लेक आयलीन फिट येऊन कुठेही कोसळायची. गांजाच्या एकाच झाडाचं तेल तिला लागू पडलं होतं, आणि त्या झाडाच्या शेवटच्या दोन बियांची दोन रोपं गच्चीवर उभी होती. तेल निघतं मादीच्या फुलांतून. नर फुलला की आसपासच्या माद्याही बी धरून वाया जातात. टेकडीवर आणखी आयांची झाडं होती. नर एक दिवसही ठेवायचा नाही, असा त्यांचा आपसांत शब्द होता.

म्हणून यास्नाने दोन्ही रोपांची एकेक फांदी कापून पेल्यात लावली. रोपाला आणि त्याच्या पेल्याला एकाच रंगाची लोकर. दुपार कलली की पेल्यांवर खोका पालथा. लांब अंधार मिळाला की फांदी रोपाच्या आधी फुलते, नर की मादी ते सांगून टाकते.

दोन्ही फांद्यांना बारीक गोळ्या धरल्या. नर. यास्नाने दोन्ही रोपं उपटून चुलीत घातली.

सासू ओतिलिया बाजारातून आली. "दोन्ही?"

"दोन्ही, आई. तुमच्या लेकाचेच भाऊ. बिनकामाचे."

ओतिलिया हसली नाही. पिशवी हातातच राहिली.

"लाल पेल्यातली फांदी केव्हाच वाळली होती गं."

"म्हणजे?"

"तू पोरीला घेऊन दवाखान्यात होतीस. आल्या आल्या ते बघून खचशील, म्हणून मी दुसरी लावली."

"कुठल्या रोपाची?"

"निळ्याची. तीच हाताशी होती. म्हटलं, एकाच आईची लेकरं, काय फरक पडतो."

यास्नाने चुलीचं दार उघडलं आणि लावून टाकलं.

"लालही नरच असेल कदाचित," ओतिलिया म्हणाली.

"असेल. आता विचारायचं कुणाला?"

आतल्या खोलीत पलंग खडखडू लागला. यास्ना धावली, लेकीला कुशीवर वळवून तिची मान धरून बसली. ओतिलिया उंबऱ्यावरच थांबली. तिला आत ये असं कुणी म्हटलं नाही.

बी पेरलं त्या आठवड्यात, जुन्या झाडाचं तेल अजून शिल्लक होतं तेव्हा, आयलीन पहिल्यांदा एकटी जिना उतरून पाव आणायला गेली होती.