कपाळावरची पांढरी बट

रविवारी सकाळी चहा आटोपला की त्या घरात कान तुटलेला एक कप निघायचा. आई शिवणकाम करायची आणि तो कप मशीनच्या खणात, रिळांच्या मागे दडवलेला असायचा. त्यात ती कलप कालवायची आणि जुन्या टूथब्रशने आधी लेकीच्या कपाळावरची पांढरी बट रंगवायची, मग आरशात बघून स्वतःची. छापखान्यात काम करणारे वडील पेपर घेऊन ओट्यावर जाऊन बसायचे.

"काय, रंगकाम सुरू झालं का?" ते तिथूनच विचारायचे. एवढीच त्यांची थट्टा, आणि ह्या विषयावरचं बोलणंही एवढंच.

बट दोघींना जन्मापासून होती. भांगाच्या सुरुवातीला पांढरे केस, खाली कपाळावर गोरा डाग, तसेच गुडघ्यांवर. आईच्या आईलाही तसंच होतं. आईच्या थोरल्या बहिणीने बट झाकली नाही, तर बघायला आलेली माणसं चहासुद्धा न घेता उठली. तिचं सगळं आयुष्य भावाच्या संसारात भांडी घासण्यात गेलं. आई त्यातून शहाणी झाली, असं तिला वाटत होतं. लग्नानंतर नवऱ्याला कळलं, तेव्हा तो कित्येक महिने तिच्याशी बोलला नाही. पुढे बोलला ते एवढंच, "झाकून ठेव म्हणजे झालं."

लेकीचं लग्नही असंच झाकून झालं. जावई शेजारच्या शहरात वायरमन होता, मनाने सरळ. सासरी ती मोरीचं दार लावून बट रंगवायची. गुडघ्यांवरचे डाग लहानपणी भाजल्याचे, असं तिने त्याला सांगितलं होतं, आणि त्याने ते मानलंही होतं.

ती बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. नर्सने बाळाला दुपट्यात गुंडाळून आणलं आणि कौतुकाने म्हणाली, "बघा तरी, बट घेऊनच आलीय." आईने लगेच बाळाला टोपडं घातलं. ते तिने आधीच शिवून ठेवलं होतं, पुढून जरा खाली येणारं.

घरी आल्यावर काही दिवसांतच निरोप आला, की जावई आणि त्याची आई बाळाला बघायला येत आहेत.

"टोपडं काढायला सांगितलं तर?" लेक म्हणाली.

"दोन मिनिटांचं काम आहे गं. चिमूटभर लावते. तुला तरी मी तू एवढीशी असल्यापासून लावत आले."

"एवढीशी नव्हते मी, आई."

"मग काय करू, सांग. मावशीसारखं करून घेऊ तिचं?"

लेकीने बाळाचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि आईने ब्रश फिरवला.

दुपारी पाहुणे आले. सासूने टोपडं काढलंच. "केस बघ कसे काळेभोर. अगदी तुझ्यावर गेलीय रे," ती मुलाला म्हणाली. तो बाळाला घेऊन खोलीभर फिरला. आईने पुन्हा चहा ठेवला.

संध्याकाळी बाळाच्या पापण्या सुजल्या. कपाळाला फोड आले आणि श्वास घरघरू लागला. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "डोक्याला काय लावलंत?" आईने आधी 'तेल' सांगितलं. सवयच तशी होती. खरं सांगितलं ते लेकीने, सासू आणि नवऱ्यादेखत. बाळ त्यानंतर थोडेच दिवस जगलं.

शेवटच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोघी मायलेकींना जवळ बसवून घेतलं. "गर्भात रंगाच्या पेशी पाठीकडून निघतात आणि अंगभर पसरतात. त्या पेशींवर किट नावाचा एक ग्राही असतो. वाढा, पुढे चला, हा निरोप तो झेलतो. तुमच्या घराण्यात त्याचा जनुक जरा अधू आहे. त्यामुळे त्या पेशी कपाळाच्या मध्यापर्यंत पोचतच नाहीत. हाच ग्राही उलटा बिघडला, निरोपाशिवायच चालू राहिला, तर गाठी होतात, रक्ताचे आजार होतात. तुमचं तसं नाही. हे पसरत नाही, कुणाला लागत नाही. बाळाला त्या बटेने काहीही झालं नसतं. आधी विचारायचं होतंत हो."

"कुणाला विचारणार?" आई म्हणाली. "दवाखान्याची पायरी चढली की गल्ली विचारते, कशाला गेला होतात."

ह्याचं उत्तर आपल्याकडे आहे. ब्रश बाळाच्या आजीच्या हातात होता हे खरं, पण चहा न घेता उठलेली ती माणसं कोण होती? तुमच्याआमच्यासारखीच की. आजही अशा बटेची मुलगी समोर आली की आपण पोराला मागे ओढतो आणि घरी येऊन हात धुतो.

पुढच्या रविवारी आईचा हात सवयीने खणात गेला. लेकीने तिच्या हातातून कप घेतला. "आई, आता नको." तिने तो बाहेर नेऊन कचऱ्यात टाकला. वडील ओट्यावर पेपर घेऊन बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

सासरचं कुणी तिला न्यायला आलं नाही. दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. मग एके दिवशी जावई एकटाच आला. तोपर्यंत कलप बराच उतरला होता. लेक त्याच्यासमोर तशीच येऊन बसली, डोक्यावर काही न घेता. आई मशीनपाशी थिजून उभी राहिली. तिच्याही कपाळावर बोटभर पांढरं वाढलं होतं.

तो चिडून आला होता. फसवलंत, म्हणायला आला होता. पण बघतच राहिला. आपल्या मुलीला त्याने एकदाच हातांत घेतलं होतं, तेही बट रंगवलेली असताना.

"ती अशी होती?" त्याने विचारलं.

"अशीच."

त्याने हात पुढे केला आणि ती बट हळूच बोटांत धरली. "मला बघू तरी द्यायची होतीस," तो म्हणाला, आणि तिच्याजवळ बसून रडू लागला.