वेल आली नव्हती

"मिस हॉलोवे, तुमचा सगळ्यात भिकार सिनेमा कोणता?"

विचारलं एकदाचं! शाळेतल्या रीमा आणि जयने लंचमध्ये पैजच लावली होती, "हिंमत असेल तर विचार, यार!" आणि हिंमतीवरून डिवचलं की अनया ऐकते थोडीच? दर शनिवारी ती क्युपर्टिनोच्या एका सीनियर होममध्ये वाचून दाखवायला जायची. तिथे ब्याण्णव वर्षांच्या डोरीन हॉलोवे, एकेकाळच्या हॉलिवूडच्या नायिका, लालभडक लिपस्टिक लावून खिडकीपाशी दरबार भरवायच्या.

आता हाकलतात की काय! पण बाई खो खो हसल्या. "आयुष्यभर मुलाखती दिल्या, हे कोणी विचारलं नाही. ज्याचं सगळ्यात जास्त कौतुक झालं ना, तोच!"

आणि सांगत सुटल्या. ओक्लाहोमातल्या कापसाच्या शेतातून त्या सतराव्या वर्षी हॉलिवूडला आल्या. स्टुडिओने आधी त्यांची बोलीच पुसून टाकली. दातांत बूच धरून उच्चारांची शिकवणी. गावाकडचा हेल निघाला की पुन्हा पहिल्यापासून. मग त्या राजकन्या झाल्या, हेर झाल्या, घोड्यांवरून पडल्या, हिरोंच्या मिठीत झकास इंग्लिश बोलत मेल्या. आणि त्या कौतुकाच्या सिनेमात काम आलं शेतकरणीचं. म्हणजे थेट त्यांच्या आईचंच! तोंड उघडलं, तर ती बोली धड येईना. डिरेक्टर म्हणाला, "काळजी नको, आवाज दुसरीचा घालू."

"मी मान डोलावली," मिस हॉलोवे म्हणाल्या. "सिनेमा बघायला आई गावाहून बसने आली. पडद्यावर मी बोलायला लागले, तशी ती माझ्या कानाशी लागली, 'डोरी, हे कोण बोलतंय गं?'"

अनयाला एकदम स्वतःचं नाटक आठवलं. मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकात तिला मेन रोल मिळाला होता, आणि टाळीचं वाक्य होतं, "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती!" आता तिची जीभ 'ळ'कडे वळेल तर शपथ. तालमीत ती ठसक्यात म्हणाली होती, "काल आला होता, पण वेल आली नव्हती!"

"कसली वेल गं? भोपळ्याची?" नाटक बसवणारे गिरीशकाका म्हणाले, आणि अख्खी तालीम हसून लोळली. शेवटी ठरलं, अनयाने नुसते ओठ हलवायचे, आवाज सुमेधाकाकू विंगेतून देतील. अनयानेही मान डोलावली होती. अगदी तश्शीच.

"बोली मोडकी तर मोडकी, पण माझी येऊ दे, एवढं त्या डिरेक्टरला म्हणायचं राहून गेलं बघ," मिस हॉलोवे म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. अनयाने त्यांचा हात धरला. पुस्तक त्या दिवशी उघडलंच नाही.

न्यायला आईबाबा आले होते. कारमध्ये बसल्या बसल्या तिने जाहीर केलं, "ऐका. नाटकात मीच बोलणार. गिरीशकाकांना मी स्वतः फोन करते."

"अगं, लोक पुन्हा हसतील," आई म्हणाली.

"हसू देत! आजी नागपूरहून येतेय ना बघायला? तिने 'हे कोण बोलतंय' असं विचारलेलं मला नाही चालणार. बाबा, तू रोज माझी प्रॅक्टिस घ्यायची. 'ळ' आला तर आला. नाही आला, तर स्टेजवर वेल येईल, भोपळ्यासकट!"