आगांची सोडचिठ्ठी

गोहरताजचा दुसरा नवरा माणूस नव्हता, आणि इराणमधल्या महल्लात गावात याचं कुणाला काही वाटतही नव्हतं. पहिला नवरा दगडाच्या खाणीत दबून गेला. त्याच साली डोंगराखालून येणारा भुयारी कालवा आटायला लागला. कालवा नर जातीचा असेल आणि एकटा राहिला तर रुसतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक! बागवाल्यांनी ठरवलं, त्याचं लग्न लावायचं. विधवा हाताशी होतीच. पाण्याच्या पाळ्या लावणारा पाटकरी मशदी यदुल्ला कालव्याचा वकील झाला, त्याच्या वतीने ‘कबूल’ म्हणाला, आणि गोहरताज आगांची बायको झाली. आगा म्हणजे तो कालवा. गावात सगळे त्याला असंच अदबीने म्हणत.

काम एवढंच, की महिन्यातून एकदा भुयाराच्या तोंडाशी, भिंतीच्या आडोशाला, त्या पाण्यात अंघोळ करायची. बदल्यात बागवाले वर्षाचा गहू घरपोच करत. “मारत नाही, घोरत नाही, वर त्याला आईसुद्धा नाही,” गोहर बायकांना सांगायची. “तुमच्यापेक्षा बरं चाललंय माझं!” फुलांच्या जत्रेला तेहरानहून येणारे लोक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेत. एक गोष्ट मात्र तिने कधी कुणाला सांगितली नाही. ती उतरली की पाणी तिच्याभोवती थांबायचं. वाहत आलेली चिनाराची पानं तिच्याजवळ येऊन अडायची आणि ती बाहेर आल्यावरच पुढे जायची.

मग हबीबुल्ला आला. फुलांचा ट्रक तेहरानला नेणारा, कझवीनचा, घर डोक्यावर घेऊन हसणारा. त्याने एकदा तिला विचारलं, “थंडी वाजतेय का तुला?” इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. झालं, बाई विरघळली.

“आगांकडून सोडचिठ्ठी?” मशदी यदुल्लाने कपाळावर हात मारला. “गोहर-खानम, डोकं ठिकाणावर आहे ना?”

“वकील तुम्हीच झालात ना? मग आता सोडवा पण तुम्हीच.”

म्हातारा चरफडला, पण रीत ती रीत. दोन साक्षीदार घेऊन तो भुयाराच्या तोंडाशी गेला आणि आगांच्या वतीने तलाकचे शब्द बोलला. पाणी होतं तसंच वाहत राहिलं. परतताना तो म्हणाला, “पोरी, तलाकनंतर तीन महिने इद्दतीचे थांबायचं असतं, विसरू नकोस. तोवर नवऱ्याचं मन फिरलं तर त्याला ना मुल्ला लागतो, ना साक्षीदार. नुसता स्पर्श केला तरी तू परत त्याची.”

“इद्दतीत बायकोने नवऱ्याच्याच घरी राहायचं असतं म्हणे,” गोहर हसली. “भुयारात अंथरूण टाकू का?”

मशदी हसला नाही.

त्या दिवसापासून ती नगरपालिकेच्या नळावर भागवू लागली. ते पाणी दुसरीकडून यायचं. गल्लीतल्या पाटात आगांचं पाणी वाहायचं, तो ती फळीवरून ओलांडायची, डोक्यापासून पायांपर्यंत पांघरलेली चादर गुडघ्यापर्यंत उचलून. पहिला महिना संपेपर्यंत पाटाची धार करंगळीएवढी झाली. शेजारच्या मुनव्वरची कार्नेशनची रोपं माना टाकू लागली.

“या वयात मेंदी लावायची हौस, आणि राख आमच्या बागांची!” मुनव्वर दारात उभी राहून ओरडायची. “तुझ्या त्या ट्रकवाल्याला म्हणावं, हसून भिजव माझे वाफे!”

पण खरी गंमत पुढेच होती. कालवा आटत होता आणि गोहरच्या घराची भिंत ओली होत होती. आधी बिछान्याजवळ हाताएवढा डाग दिसला. तो वाढत वाढत बरोबर तिच्या अंगाएवढा लांब झाला. तिने बिछाना खोलीच्या मधोमध ओढला, तर फरशीच्या फटी ओलावल्या. भर उन्हाळ्यात, जिथे कुणी तांब्याभर पाणी सांडलं नव्हतं, तिथे उंबऱ्याशी सकाळी थारोळं असायचं. “तूच ओततेस ना?” तिने मुनव्वरला विचारलं. मुनव्वरने थारोळं पाहिलं, कानांना हात लावले आणि त्यानंतर तिचं ओरडणं बंदच झालं.

गोहरची पाचावर धारण बसली. ती गच्चीवर झोपू लागली. शेवटी एका दुपारी खाली आली, चपला न काढता, आणि त्या डागासमोर उभी राहून रडत रडत बोलली, “अहो, सोडा ना आता! तुमचं काही चुकलं नाही. पण मला कुणीतरी बोलणारं हवंय हो. उरलेलं आयुष्य तरी माणसात काढू द्या.”

दुसऱ्या दिवशी भिंत कोरडी ठणठणीत होती. उंबराही कोरडा होता. आगांना कळलं, या विचाराने तिला इतकं भरून आलं की ती पुन्हा रडली.

इद्दतीचा शेवटचा दिवस. सूर्य मावळला की मुल्ला येणार होता. अंगणात खुर्ची टाकून, नवी फुलाफुलांची चादर डोक्यावरून पांघरून, गोहर सावली लांब होताना बघत बसली होती. तेवढ्यात फाटक ढकलून हबीब आत आला, मिठाईचा डबा काखेत मारून.

“अजून दिवस आहे!” ती लटक्या रागाने म्हणाली. “कुणी पाहिलं तर?”

“बघू देत. घटकाभराने बायकोच आहेस माझी.” त्याने डबा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला.

“अगंबाई, किती गार हात!”

“घाटात ट्रक बंद पडला, हात ग्रीसने काळे झाले होते. असे कसे लावायचे नवरीला? म्हणून बाहेर पाटात धुऊन आलो.”

त्याच्या बोटांवरचा एक थेंब तिच्या हनुवटीवरून गळ्यापर्यंत ओघळला.

बाहेर गल्लीत आधी नुसतं खळखळलं. मग फळ्या आपटल्या, दारं उघडली, आणि मुनव्वरचा आवाज आला, “पाणी! अगं, पाणी आलं! आगा आले!” बायका हंडे घेऊन धावल्या. कुणीतरी आनंदाने किंकाळी फोडली. हबीब फाटकापर्यंत गेला आणि वळून हसायला लागला. पाट काठोकाठ भरून उंबऱ्याला लागला होता.

“गोहर, ये, बघ तरी! आगासुद्धा खूश झाले आपल्या लग्नावर!”

गोहर जागची हलली नाही. तिने चादरीच्या टोकाने गाल पुसला. परत पुसला. गाल काही कोरडा होईना.