कुत्रं गुटगुटीत झालं, तेव्हाच कळायला हवं होतं

मी शक्तीच्या गोळ्यांची बाटली बोलतेय. बसा. घाई असेल तर उभ्यानं ऐका, पण ऐका. कारण सगळा जन्म बढाया मारण्यात गेला आणि खरं बोलायची वेळ आत्ता कुठे आलीय.

माझा जन्म कारखान्यातला. आई नाही, बाप नाही, नुसता साचा. पोटात गोळ्या ओतल्या, डोक्यात कापसाचा बोळा कोंबला, डोक्यावर झाकण पिळलं आणि पाठीवर कागद चिकटवला. मला वाचता येत नाही. चित्रं मात्र कळतात. कागदावर एक संत्रं होतं, हिरव्या भाजीची जुडी होती आणि दंड फुगवून उभा असलेला एक बाप्या होता. मी समजले, हे तिघं माझ्या पोटात आहेत. आता विचाराल तर, आमच्या कारखान्यात संत्रं आलं असेल ते एखाद्या कामगाराच्या डब्यातून, आणि ते त्यानंच खाल्लं असेल.

औषधांच्या दुकानात खरी औषधं मागच्या कपाटात असायची, चिठ्ठी दाखवल्याशिवाय बाहेर न येणारी. मी पुढे, दिव्याखाली, जणू दुकानाची मालकीण.

एके दिवशी एक ट्रक चालवणारा आला. हातात किल्ल्या, अंगाला डिझेलचा वास. म्हणाला, "आमचे बाबा खंगत चाललेत. काहीतरी ताकदीचं द्या."

बाबा खातात काय, हे दुकानदारानं विचारलं नाही. त्यानं माझी पाठ वाचून दाखवली आणि म्हणाला, "यात सगळं आहे."

"सगळं?"

"सगळं."

झालं. मी निघाले माणूस वाचवायला.

बाबा म्हणजे मिस्त्री. गल्लीतली निम्मी दारं त्यांनीच बसवलेली, म्हणून सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणायचे. त्यांची बायको वारली होती. मुलगा ट्रकवर, सून लाँड्रीत इस्त्रीला, नात शाळेत. दिवसभर घरी राहायचे ते मिस्त्री, मागच्या अंगणातलं त्यांचं कामाचं छप्पर, आणि छपराखाली मुक्कामाला आलेलं एक मरतुकडं कुत्रं. सगळ्या बरगड्या दिसायच्या, म्हणून त्याचं नाव हाडक्या.

मला मिस्त्रींच्या उशाशी, फळीवर ठेवलं. खिडकीतून अंगण दिसायचं. शेजारी पाण्याचा पेला, आणि पेल्यात त्यांची दातांची कवळी. घरात माणसं असली की ती तोंडात, माणसं बाहेर पडली की पेल्यात. दिवसभर ती माझ्याकडे बघून हसायची. मला वाटायचं, कौतुकानं.

सकाळी सून ताट वाढून झाकून ठेवायची. भात, डाळ, भाजी, उकडलेलं अंडं, गाजराच्या चकत्या. "बाबा, गरम आहे तोवर जेवा हं," असं चपला पायात सरकवता सरकवता म्हणायची आणि धावत सुटायची. मिस्त्री ताट उघडायचे. गाजराची एक चकती तोंडात घालायचे, या गालातून त्या गालात फिरवायचे, आणि हळूच बाहेर काढायचे. मग ताट उचलून छपराखाली जायचे. तिथे हाडक्या शेपटीनं भुसा झाडत बसलेला.

थोड्या वेळानं ताट परत यायचं ते लख्ख. मग मिस्त्री चहात बिस्किट बुडवून खायचे, त्यावर पाण्याच्या घोटाबरोबर माझी एक गोळी. माझी वेळ त्यांनी कधी चुकवली नाही. मी फुलून जायचे. म्हणायचे, बघा, मी घरात आले आणि या माणसाला जेवणाची गरजच उरली नाही!

संध्याकाळी सून ताट बघून खूश व्हायची. "आज सगळं संपवलंत बाबा!"

"हो गं. चव आली होती आज. पोट भरलंय, रात्री नुसतं दूध पुरे."

मिस्त्रींचा चेहरा मात्र उतरत चालला. गालांचे खळगे झाले. नात जेवायला बसली की तिची हनुवटी टेबलाला टेकायची, म्हणून मिस्त्रींनी तिच्यासाठी उंच खुर्ची करायला घेतली होती. ती चार पायांवरच अडली. पूर्वी काम करताना ते खिळे दातांत धरायचे आणि एकेक काढून ठोकायचे, असं सून सांगायची. हल्ली खिळे खिशात असायचे. मी हे सगळं बघत होते. पण माझ्या डोक्यात काय भरलंय ते तुम्हाला सांगितलंच आहे. कापूस.

मुलगा फेरीवरून आला, बापाकडे बघून चरकला. म्हणाला, "बाबा, एकानं भागत नाहीये. दोन घ्या." मी म्हटलं, वा, बढती! दोन गोळ्यांनी एवढंच झालं, की मिस्त्रींची लघवी पिवळीजर्द व्हायला लागली. म्हणाले, "रंग तरी चढतोय कुठेतरी."

आणि हाडक्या? त्याच्या बरगड्या कुठे गेल्या कोण जाणे. अंगावर तकाकी, मान भरलेली, चालायचा तेव्हा पोट डावी-उजवीकडे डुलायचं. शेजारीण म्हणाली, "अगं, याचं नाव बदला आता." घरातली सगळी माणसं रोज ते कुत्रं बघत होती, रोज म्हातारा बघत होती, आणि दोन्ही एकत्र कुणीच बघत नव्हतं. मीसुद्धा नाही. माझी एकही गोळी त्या कुत्र्याच्या पोटात गेली नव्हती, एवढं एक कळलं असतं तरी मी लाजून झाकण लावून बसले असते.

मग एका दुपारी रंधा मारता मारता मिस्त्री खाली बसले ते उठलेच नाहीत. हाडक्यानं भुंकून गल्ली डोक्यावर घेतली. खाल्ल्या ताटाला जागला बिचारा. शेजारणीनं धावत जाऊन सुनेला आणलं, दोघींनी मिळून त्यांना खाटेवर टाकलं, मुलगा तेव्हा गावातच होता, तोही आला. नाक्यावरच्या डॉक्टरीणबाई बॅग घेऊन आल्या. नाडी बघितली, पापण्या ओढून बघितल्या.

"काय चालू आहे यांचं?"

मुलानं मला उचलून पुढे धरलं. "हे. दिवसाला दोन."

"हे नाही हो. जेवणाचं विचारतेय."

"जेवण व्यवस्थित आहे," सून म्हणाली. "ताट अगदी चाटूनपुसून..."

आणि ती थांबली. हळूच दाराकडे बघितलं. दारात हाडक्या बसला होता. बसला होता म्हणजे पसरला होता. सगळ्यांनीच त्याच्याकडे बघितलं. त्यानं ओठांवरून जीभ फिरवली.

"बाबा," सुनेचा आवाज चिरकला, "तुम्ही शेवटचं जेवलात कधी?"

मिस्त्रींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तोंड उघडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नको."

"मिस्त्री, उघडा. मी काही दार बसवायला आलेली नाही."

तोंडात दात नव्हते; कवळी उशाशी पेल्यातच होती. डॉक्टरीणबाईंनी ती उजेडात धरली, उलटीपालटी केली. "ही घासली कुणी?"

"कानशीनं."

"कानस आपली आपण चालली वाटतं?"

"टोचत होती हो," मिस्त्री पुटपुटले. "दार अडकलं की घासतोच ना आपण? थोडं घासलं, लावून बघितलं, अजून टोचतंय. अजून घासलं. मग पॉलिशपेपर मारला. फिनिशिंग बघा ना, एक नंबर आहे. फक्त तोंडात राहत नाही."

"अहो, मग सांगायचं नाही?" सून म्हणाली.

"काय सांगू? जन्मभर दुसऱ्यांच्या चौकटी बसवल्या आणि स्वतःच्या तोंडातली बिघडवली? गल्ली हसली असती."

"मेलात तरी चालेल, पण कुणी हसायला नको!" सून कडाडली, आणि पदराआड रडायलाच लागली. "मला वाटलं, तुम्हीपण आईंच्या मागे निघालात. मी रोज ताट बघून देवाचे आभार मानत होते. आणि जेवत होता तो ढोल्या!"

मिस्त्रींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "गोळी बरी होती गं. चावावी लागत नव्हती."

ऐकलंत? मी समजत होते, म्हातारा माझ्या गुणांवर भाळलाय. तर माझा गुण काय, गिळता येत होते एवढाच!

मुलानं रागानं मला खिडकीबाहेर फेकायला हात उचलला. डॉक्टरीणबाईंनी थांबवलं. "तिचा काय दोष? शरीरात एखादी गोष्ट खरंच कमी पडली की अशा गोळीचा उपयोग होतो. आपण रक्त तपासू, कमी असेल त्याची गोळी मी देईन. पण जेवणाच्या जोडीला, जेवणाच्या जागी नाही. हिच्यात भरलंय त्यातलं बरंचसं तर लघवीवाटे निघून गेलं."

म्हणजे इतके दिवस मी टॉनिक पाजत होते ते गल्लीतल्या गटाराला.

रक्तात एक गोष्ट कमी निघाली. तिच्यासाठी गोळ्यांची एक बारकीशी पट्टी आली. तिच्यावर ना संत्रं, ना दंडवाला बाप्या. फळीच्या कोपऱ्यात बसायची, आपलं काम करायची, आणि काम झाल्यावर चूपचाप गेली. मी तिच्याशी एक अक्षर बोलले नाही. जळत होते, दुसरं काय.

नवी कवळी होईपर्यंत सून डाळ घोटून द्यायची, भाजी मऊ शिजवायची, अंडं कुस्करून, सफरचंद किसून. कामावर जरा उशिरानं जाण्याची परवानगी तिनं मागून घेतली होती. समोर बसून एकेक घास बघायची.

"अशी पहाऱ्याला काय बसतेस?" मिस्त्री म्हणायचे.

"चोर पकडलाय ना, म्हणून."

हाडक्याला त्याची वेगळी ताटली मिळाली, मापाची. तेव्हापासून तो माझ्याकडे फार वाईट नजरेनं बघतो. जसं काही मीच चुगली केली.

आणि मी? माझ्या उरल्या गोळ्यांची तारीख उलटली, त्या गेल्या. मला वाटलं, आता आपणही कचऱ्यात. पण मिस्त्रींनी मला धुतलं, उन्हात सुकवलं आणि छपराखाली नेलं. आता माझ्या पोटात खिळे आहेत. पाठीवर म्हणे छापलंय, आत लोह आहे. चला, उशिरा का होईना, खरं ठरलं.

एवढंच मागणं आहे. आमच्यापैकी कुणाला घरी न्यायचं तर जरूर न्या, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर नक्कीच न्या. पण आधी ज्याच्यासाठी नेताय त्याच्या समोर एकदा जेवायला बसा. तो चावतोय का, बघा. आणि दाराकडेही एक नजर टाका, तिथे कोण बसलंय.

आज सकाळी मिस्त्रींनी मला हलवलं, झाकण उघडलं आणि चार-पाच खिळे काढले. नातीच्या खुर्चीची पाठ तेवढी राहिली होती. एक खिळा हातात घेतला आणि बाकीचे नव्या दातांत घट्ट धरले. ठाक, ठाक, ठाक.

स्वयंपाकघरातून सून ओरडली, "बाबा, तोंडातले खिळे काढा आधी! ताट वाढलंय!"