दोन पिवळ्या वायरींचा रेग्युलेटर

आठवड्यात दुसऱ्यांदा हेडलाइटचा बल्ब उडाला आणि बॅटरीतलं अ‍ॅसिड उतू गेलं, तेव्हा कमलाबाई मोटारसायकल घेऊन प्रभादेवीला दत्तारामच्या गॅरेजात पुन्हा गेल्या. त्याने इंजिन रेस करून मीटर लावला. सतरा व्होल्ट; हवे होते चौदाच्या आसपास.

“रेग्युलेटर गेलाय, काकी. बॅटरीत जास्तीचा करंट जातोय. आणि ह्या गाडीचा पार्ट आता येत नाही,” तो खाली बघत म्हणाला.

परळला घरी मुलगा विकास लगेच म्हणाला, “मग भंगारात देऊन टाक ना. तू साठीची, मागे आंधळे बाबा. लोक काय म्हणतात, माहितेय? शिवाजी पार्कला जायला मी टॅक्सी करून देतो.”

“टॅक्सीत वारा लागत नाही रे,” खाटेवरून त्याचे बाबा भिवा एवढंच बोलले. साखरेने डोळे गेल्यापासून संध्याकाळची ती फेरी सोडली, तर ते घराबाहेर पडत नसत.

दुसऱ्या दिवशी कमलाबाईंनी गॅरेजातच ठेवलेल्या गाडीचा जुना रेग्युलेटर काढून घेऊन पिशवीत टाकला आणि ऑपेरा हाऊसजवळच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे गेल्या. दुकानदाराने काउंटरवर तीन रेग्युलेटर मांडले. चकचकीत होता तो त्यांनी आधी उचलला.

“तो नव्या गाड्यांचा, मावशी. त्याला कॉइलच्या तीन पिवळ्या वायरी लागतात. तुमच्या गाडीला?”

“दोन.” त्यांनी तो बाजूला सारला. उरलेल्या दोनांतला एक हाताला अगदी हलका लागला. “हा?”

“डुप्लिकेट. तापला की जातो.”

“मग हा जड द्या.”

बांधून देताना दुकानदार म्हणाला, “प्रभादेवीच्या दत्तारामनेपण परवा हाच विचारला होता. आहे म्हटलं, तर न्यायला आलाच नाही.”

कमलाबाई तडक गॅरेजात गेल्या आणि पुडकं दत्तारामपुढे आपटलं.

“येत नाही म्हणालास ना?”

त्याचा चेहरा पडला. “पहिला बल्ब बदलला तेव्हाच विकासने तसं म्हणायला सांगितलं होतं, काकी. तुमच्या काळजीपोटी.”

“काळजी माझी, आणि ठरवलं तुम्ही दोघांनी? बसव. माझ्यासमोर.”

त्याने रेग्युलेटर बसवला आणि गाडी रेस केली. मीटर चौदाच्या जरा वर जाऊन थांबला.

संध्याकाळी चाळीच्या चौकात त्या भिवांच्या हेल्मेटचा पट्टा लावत होत्या. विकास धावत खाली आला.

“आई, पडलीस म्हणजे?”

“पडले तर उठेन. पुढेमागे हात कापायला लागले, तर चावी मीच ठेवून देईन. पण खोटं बोलून मला घरी बसवायचं नाही, सांगून ठेवते.”

“आणि मलापण,” मागून भिवा म्हणाले.

वाटेत कुणाची तरी स्कूटर आडवी होती, ती विकासने बाजूला घेतली. कमलाबाईंनी त्याच्याकडे न बघता किक मारली.