तीन थापांची राजधानी

माणसाला स्वतःच्या घरात निवांत राहता यावं म्हणून आधी परक्या देशाच्या परीक्षेला बसवता, आणि वर त्याला नियम म्हणता! हे कुणी ठरवलं, मला ठाऊक नाही. पण ज्याने ठरवलं त्याने एकदा चुलीशेजारी माझ्यासमोर बसावं आणि का ते सांगावं.

मी काटवट बोलतेय. भाकरीचं पीठ मळायची, भाकरी थापायची लाकडी परात. सांगोल्याकडच्या एका बांधावर मी बाभूळ होते. सुताराने माझं खोड कोरलं आणि मला बाजारात मांडलं. नबीसाब डाळिंबं भरायला टेम्पो घेऊन आले होते. त्यांनी मला उचललं आणि सोलापुरात आपल्या नव्या नवरीपुढे ठेवलं.

"मैं हार बोली थी, तुम लकडी लाए," कमरुन्निसा म्हणाली.

"हार से भारी है, उठाके देख," नबीसाब म्हणाले.

तिने उचललं. तेव्हापासून मी तिची. शेजारच्या रत्नम्माबरोबर ती कडक भाकऱ्या करून दुकानांना द्यायची. दोघींचं सगळं सुखदुःख माझ्या काठावर बोलून झालंय. बायका हात रिकामे असताना मनातलं बोलत नाहीत, हे मला फार लवकर कळलं.

नबीसाब गेले. लेक समरा अमेरिकेत होती, तिने आईला तिकडे नेलं. मी दाराआड भिंतीला टेकून उभी राहिले. लाकूड वाळत गेलं, काठाला चीर गेली.

वर्षाकाठी कमरुन्निसा यायची, पण पाहुण्यासारखी. तिथल्या कायम रहिवाशाचं कार्ड असं की फार दिवस बाहेर राहिलं तर ते हातचं जायचं. कार्ड गेलं तर समरा आणि नात अरिबा दुरावणार, कार्ड राखलं तर हे घर दुरावणार. यातून वाट एकच होती. तिथली नागरिक व्हायचं, मग इथे येण्याचा कायमचा परवाना घ्यायचा आणि दोन्हीकडे मनाला येईल तितकं राहायचं. इथला पासपोर्ट मात्र परत करायचा. दोन्ही पासपोर्ट निळेच असतात म्हणे. एक निळा देऊन दुसरा निळा घ्यायचा, आणि मधे परीक्षा.

यंदा ती आली ती अभ्यास घेऊनच. परीक्षेत मोजकेच विचारणार, पण कोणते ते आधी कळत नाही, म्हणून समराने सगळे प्रश्न फोनमध्ये बोलून ठेवले होते. फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला असे. तो इंग्रजीत विचारी आणि कमरुन्निसा भाकरी थापत उत्तर देई. बरीच उत्तरं सगळ्यांना सारखी. काही मात्र ज्याच्या त्याच्या राज्याची: तुमचे गव्हर्नर कोण, सिनेटर कोण, राजधानी कोणती.

समरा राहायची त्या न्यू जर्सीची राजधानी ट्रेंटन. ट्रेंटन दोन थापांत बसायचं. ट्रें, टन, की भाकरी फिरवायची. गव्हर्नर तव्यावर जाईपर्यंत, सिनेटर पाणी लावताना. असं सगळं माझ्यात बसलं. रत्नम्मालाही पाठ झालं. ती दळण आणायला जातानाही ट्रेंटन म्हणत चालायची.

मग एका सकाळी समराचा फोन आला.

"अम्मी, हमने मकान बदल दिया. नदी के उस पार. अब स्टेट दूसरा, पेनसिल्व्हेनिया."

"तो क्या हुआ? नदीच तो है बीच में."

"जवाब बदलते ना अम्मी. गव्हर्नर, सिनेटर, सब. राजधानी हॅरिसबर्ग."

फोन ठेवल्यावर रत्नम्मा म्हणाली, "अय्य! अकलूजचा माणूस सोलापुरात राहायला आला तरी अकलूजचाच ऱ्हातोय की. ह्यांचं कसलं ओ, बिऱ्हाड हललं की राजधानी हलली!"

हॅरिसबर्गला तीन थापा लागत. कमरुन्निसाचा हात दोन थापांनंतर भाकरी फिरवायला उठे आणि 'बर्ग' तोंडातच राही. ज्वारीच्या भाकरीला अडखळणं चालत नाही. काठ फाटे. फाटलेल्या भाकऱ्या दुकानदार घेईना, त्या दोघी दुपारी आमटीत कुस्करून खात.

"आज किती हॅरिसबर्ग फाटलं?" रत्नम्मा विचारायची.

"तुझ्या तोंडाला पीठ फासीन," कमरुन्निसा म्हणायची.

पण हात वळला. तिसरी थाप बसली आणि भाकऱ्या पुन्हा गोल निघू लागल्या. मला वाटलं, झालं.

तिची जायची वेळ जवळ आली तशी समराने फोनवर खोटी परीक्षा घेतली. समोर कॅमेरा, हात मांडीवर जोडलेले. "राजधानी कौनसी?"

कमरुन्निसा गप्प. गव्हर्नर? गप्प. उत्तरं तिच्या डोक्यात नव्हतीच, ती तळव्यांत होती. हात जोडले की सगळं बंद. समरा तिकडे घाबरली, ही इकडे. "मेरे से नहीं होता," म्हणून तिने तोंडाला पदर लावला. मी हे कोरडेपणाने सांगतेय, पण त्या दिवशी माझ्यात पीठ पडलं नाही.

संध्याकाळी रत्नम्मा आली आणि समोर बसली. "हात जोडायचे कशाला ओ भाभी? टेबलाखालनं मांडीवर थापा की. सायबाला काय दिसतंय?"

तेव्हापासून कमरुन्निसा चालता-बसता मांडी थापू लागली. रिक्षावाल्याला वाटे, म्हातारी भजन म्हणतेय. जाताना तिने मला शेंगतेल चोळलं आणि रत्नम्माच्या घरी ठेवलं. "वाळू देऊ नको हिला," एवढंच म्हणाली.

आता मी रत्नम्माची चूल बघते. चीर थोडी वाढलीय. बाकी ठीक. परीक्षा घेणाऱ्यांना माझं एकच मागणं आहे: बोलताना माणसाचे हात मोकळे राहू द्या.

काल फोन आला. रत्नम्माने तो पिठाच्याच डब्याला टेकवला. पलीकडे कमरुन्निसा हसत होती की रडत, कळेना. पास झाली होती. आता शपथ घ्यायची, कागद करायचे आणि मग घरी.

"राजधानी विचारली व्हय?"

"नाही ग. गव्हर्नर नाही, सिनेटर नाही. त्यातलं काहीच विचारलं नाही. मी आपली मांडी थापत बसले होते."

रत्नम्माच्या हातातली भाकरी थांबली आणि काठाला फाटली. ती मोडून पुन्हा मळायला घेत रत्नम्मा म्हणाली, "न्हाय विचारलं तर न्हाय. तुमी या की भाभी, हितं मी विचारते."