बर्फावरचा एक ठिपका

मित्रांनो, मी एक जुनी गळाची काठी आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. मी बांबूची आहे. माझ्या टोकाला घोड्याच्या शेपटीच्या केसांची दोरी असते आणि दोरीच्या शेवटी गळ. त्या गळावर रानकोंबड्याची पिसे गुंडाळलेली असतात. माशांना ती खरीखुरी माशी वाटते. ते फसतात, त्याला मी काय करू?

मला सेइकिचीने बनवले. ऐन थंडीत त्याने मला तोडले, निखाऱ्यांवर फिरवून सरळ केले आणि चुलीवरच्या धुरात वर्षभर टांगले. त्या धुराने माझे अंग चिवट झाले. पुढे आम्ही दोघांनी डोंगरातले सारे ओढे पालथे घातले. सेइकिचीने मला फिरवले की माशी पाण्यावर अलगद टेकायची आणि दोरी पाण्याला शिवायचीसुद्धा नाही. दोरी आधी पडली की मासा पळालाच म्हणून समजा. सेइकिचीची काठी ओढ्याशी कुजबुजते, असे गावातले लोक म्हणत. ते ऐकून मी फुगून जायची, नाकारत नाही.

मग तो हिवाळा आला. छपरावरचे बर्फ फावड्याने लोटताना सेइकिची स्वतःही बर्फाबरोबर खाली आला आणि उजवा खांदा मोडून बसला. उन्हाळ्यापर्यंत हात वर करायचा नाही, असे हाड बसवणाऱ्याने बजावले. माझ्याकडे मग कोण बघणार? मला भिंतीला तिरके टेकवून ठेवले गेले आणि महिन्याभरात माझ्या कमरेत बाक आला.

खोऱ्याच्या तोंडाशी गरम झऱ्याची सराई होती. बर्फ वितळू लागले की ती उघडायची. उघडण्याच्या दिवशी जो मासे आणून देई, त्याच्याचकडून सराई वर्षभर मासे घेई. इतकी वर्षे तो मान सेइकिचीचा होता आणि घरातला तांदूळ त्याच्यावरच येई. आता खालच्या आळीतला मासेमार कुमेझो त्या मानावर टपून बसला होता. एक दिवस तो समाचाराला आला.

"खांद्याला जप बाबा," तो म्हणाला. "सराईची काळजी सोड. मी आहे ना."

"तेच तर दुखणं आहे," सेइकिचीची बायको ताकिनो चहा ओतता ओतता म्हणाली.

कुमेझो गेला तशी तिने मला उचलले. "मी शिकते," ती नवऱ्याला म्हणाली.

"मासे धरणं म्हणजे शेतातले मुळे उपटणं नव्हे."

"मग शिकवा. नाहीतरी बसूनच आहात ना?"

तिने आधी मला निखाऱ्यांवर धरून माझा बाक काढला. सेइकिचीला हे काम करताना तिने दर वर्षी पाहिले होते. किती दिवसांनी कोणाचा तरी हात लागला होता मला. मग आम्ही अंगणात गेलो. तिथे गुडघाभर बर्फ साचले होते, आणि बर्फाला खोटे बोलता येत नाही. दोरी आधी पडली तर त्याच्यावर लांब ओरखडा उठतो. माशी एकटी टेकली तर फक्त एक ठिपका.

ताकिनोच्या हातात मुसळ उचलणारी ताकद. तिने मला पाठीमागे पार जमिनीपर्यंत नेले आणि सगळा जोर लावून पुढे हाणले. माशी मागच्या झाडात अडकली. पुढच्या खेपेला दोरी धपकन आपटली. संध्याकाळपर्यंत अंगणात इतके ओरखडे उठले, की तिथे मांजरे भांडली असावीत असे वाटावे.

सेइकिची दार किलकिले करून आत बसला होता आणि नुसत्या आवाजावर शिकवत होता.

"काठी किंचाळतेय. जोर कमी कर."

थोड्या वेळाने म्हणाला, "आता मेल्यासारखी वाटतेय. जोर लाव."

"अहो, एक काय ते सांगा."

"कसं सांगू? हात आपोआप करतो ते."

माझा जीव नुसता तळमळत होता. अगं बाई, जोर माझ्या अंगात आहे, तू फक्त थांब, असे ओरडून सांगावेसे वाटत होते. पण काठीचे कोण ऐकतो?

एका दुपारी ती धुणे वाळत घालत होती. नवऱ्याचा ओला सदरा तिने दोन्ही हातांनी उचलला, झटकला आणि हात जागच्या जागी रोखले. सदऱ्याचे टोक फटकन वाजले. ताकिनो तशीच उभी राहिली. तिने सदरा पुन्हा झटकला. हात थांबला की मगच टोक पळत होते. मग सदरा बर्फात टाकून ती माझ्याकडे धावली.

तिने हात मागे नेला आणि कपाळाजवळ खट्टकन थांबवला. मागे दोरी सरळ होईपर्यंत वाट पाहिली. मग हात पुढे आणला आणि पुन्हा थांबवला. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या अंगातली सगळी लवलव टोकाकडे धावली. दोरी हवेत उलगडत गेली, आणि बर्फावर उमटला एक ठिपका. दुसरे काही नाही.

"आज काठीचा आवाज का येत नाही?" आतून प्रश्न आला.

"बाहेर या आणि बघा."

सेइकिची बाहेर आला आणि ठिपक्यावर वाकला. "कोणी शिकवलं?"

"तुमच्या सदऱ्यानं."

सराई उघडायच्या दिवशी पहाटेच आम्ही ओढ्यावर गेलो. कुमेझो आधीच हजर होता.

"वहिनी, पाणी गार आहे. पाय आखडतील."

"माझे पाय माझ्यापाशी," ती म्हणाली.

मोठ्या खडकामागे सुपाएवढे शांत पाणी होते. घाईघाईत ताकिनोने जोर लावला, दोरी आपटली आणि एक काळी सावली खडकाखाली पळाली. कुमेझो खो खो हसला. ताकिनोने डोळे मिटले आणि रिकामा हात सदरा झटकावा तसा एकदा झटकला. मग मला उचलले, थांबवले, पुढे नेले. माशी पाण्यावर एकटीच टेकली. पाणी उसळले आणि मी मुठीपर्यंत वाकले. निखाऱ्यावर सरळ केलेली माझी कंबर आता मोडते की काय, या भीतीने मी अर्धमेली झाले. पण ती टिकली. ठिपक्याठिपक्यांचा लांब मासा टोपलीत तडफडू लागला, आणि सकाळभर मी वाकतच राहिले. कुमेझोचे हसू कधी थांबले ते आम्हाला कळलेही नाही.

सराईच्या मालकीणबाईंनी टोपलीवरची पाने बाजूला केली. "सेइकिचीचा हात बरा झाला वाटतं."

"नाही बाई. हात माझा आहे."

त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "मग वर्षभर हाच हात येऊ दे."

पुढच्या हिवाळ्यापर्यंत सेइकिचीचा खांदा पुरता बरा झाला. पहिले बर्फ पडताच तो मला घेऊन मोठ्या ऐटीत अंगणात आला. त्याने मला फिरवले. हात कपाळापुढे जाऊन थांबला आणि बर्फावर बारीकसा ओरखडा उठला. मग ताकिनोने फिरवले. ठिपका. तो दोन्ही खुणांजवळ उकिडवा बसला आणि बघत राहिला. मला वाटले, आता रुसणार. तो उठला, मला तिच्या हातात ठेवले आणि खुंटीवरची टोपली काढून डाव्या खांद्याला अडकवली.

"टोपली मी धरतो," तो म्हणाला.

मित्रांनो, आता मी छताला आडवी टांगलेली असते. भिंतीला टेकवायची कोणाची हिंमत नाही. तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेल, तर ओढ्यावरून आल्यावर तिला कोरडी पुसा आणि टांगून ठेवा. तिच्यावर जोर करू नका. हात कपाळाशी आला की थांबा. पुढचे काम तिला येते.